शून्य कुठे मांडायचं? ‘रीफ्स सिन्स कोलंबस’ सावकाश वाचताना



पीएच.डी.च्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, की पेपर ‘क्रिटिकली’ वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? प्रश्न रास्त आहे. एम.एस्सी. होईपर्यंत आणि नंतर नेट-सेटच्या तयारीतही आपण पुस्तकं वाचतो, आणि छापलंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालतो. मग एक दिवस कोणीतरी सांगतं, लिटरेचर रिव्ह्यू लिहून आणा. आपण तीस पेपरांचे सारांश एकाखाली एक रचतो आणि फाइल पाठवून देतो. त्यात आपण स्वतः कुठेच नसतो.

म्हणून आज एकच पेपर घेऊन बसू. लेखक जेरेमी जॅक्सन, साल १९९७, नियतकालिक ‘कोरल रीफ्स’, शीर्षक ‘रीफ्स सिन्स कोलंबस’. जेमतेम दहा पानं. एका बैठकीत वाचून होतो आणि डोक्यातून जात मात्र नाही. माझा हा अतिशय आवडता पेपर आहे, हे आधीच सांगून टाकते. आवडत्या पेपरची टीका करणं सगळ्यांत अवघड असतं, म्हणून तोच घेतलाय.

आधी माझी फजिती

मी पुण्यात बसून प्रवाळांच्या जुन्या नोंदींचं सांख्यिकी विश्लेषण करते. माझा डेटा कॅरिबियन समुद्राचा. तो समुद्र मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे ऐकून लोक हसतात. हसू देत.

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला माझ्या दुसऱ्याच स्लाइडवर दोन वाक्यं होती. पहिलं असं, की कॅरिबियनमधलं जिवंत कठीण प्रवाळांचं आच्छादन तीन दशकांत सरासरी ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. हा गार्डनर आणि सहकाऱ्यांचा २००३ चा ‘सायन्स’मधला निष्कर्ष. दुसरं वाक्य, की हेच आच्छादन ३४.८ टक्क्यांवरून १६.३ टक्क्यांवर आलं. हा २०१४ च्या मोठ्या अहवालातला आकडा, आणि त्या अहवालाचे प्रमुख लेखक पुन्हा जॅक्सनच. दोन्ही वाक्यं मी एकाखाली एक लिहिली होती, दोन्हींना संदर्भ दिला होता आणि त्यावर खूश होते.

समितीतल्या एका सरांनी चष्मा वर केला. “एकाच समुद्राची एकाच दशकातली सुरुवात पन्नास की पस्तीस?”

मी म्हटलं, “डेटासेट वेगळे आहेत, सर.”

“बरं. आणि सत्तरच्या आधी किती होतं?”

“त्याआधीचा डेटा नाही, सर.”

“डेटा नाही म्हणजे त्या वेळी समुद्र नव्हता का?”

सगळे हसले, मीही हसले, आणि सिनॉप्सिस तीन महिन्यांसाठी परत आला. ५० वरून १० म्हणजे ८० टक्के घट. ३४.८ वरून १६.३ म्हणजे साधारण ५३ टक्के. दोन्हींत फरक केवढा! आणि तो फरक शेवटच्या आकड्याइतकाच पहिल्या आकड्यामुळेही पडतो. सत्तरच्या दशकात मोजणी झालेली ठिकाणं थोडी होती, आणि संशोधक साहजिकच आधी चांगल्या, नावाजलेल्या प्रवाळभित्तींवर जातात. २०१४ च्या अहवालाने पुष्कळ जास्त ठिकाणांच्या नोंदी गोळा केल्या, आणि त्यात पहिल्या मोजणीच्या आधीच खराब झालेल्या जागाही आल्या. म्हणजे माझ्या अख्ख्या प्रबंधाचं शून्य कुठे मांडायचं, हेच मी ठरवलेलं नव्हतं. त्या तीन महिन्यांत जॅक्सनचा हा पेपर मी चार वेळा वाचला.

हा समुद्र आहे तरी कसा

आपल्यासाठी कॅरिबियन म्हणजे क्रिकेट. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद ही नावं आपल्याला वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांमुळे पाठ झाली. १९७१ मध्ये अजित वाडेकरांचा संघ तिथे मालिका जिंकला, तेव्हा जमैकाच्या किनाऱ्याजवळचे प्रवाळ अजून दाट होते. हा संदर्भ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नकाशात बघा. दक्षिणेला व्हेनेझुएला आणि कोलंबिया, पश्चिमेला मध्य अमेरिका, उत्तरेला क्यूबा-जमैका-हिस्पॅनियोला-प्वेर्तो रिकोची रांग आणि पूर्वेला छोट्या बेटांची कमान. क्षेत्रफळ सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर. केमन बेटांच्या दक्षिणेला जी घळ आहे तिची खोली साडेसात हजार मीटरांहून जास्त. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी पट्टी पूर्ण जोडली गेली आणि प्रशांत महासागराशी याचा संबंध तुटला. तेव्हापासून इथली जीवसृष्टी वेगळी वाढली. हिंद-प्रशांत भागात प्रवाळांच्या कितीतरी शे जाती. इथे भित्ती बांधणाऱ्या साठ-सत्तर. त्यातही उथळ पाण्यातलं मुख्य बांधकाम दोनच जातींचं होतं, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचा स्टॅगहॉर्न आणि रुंद पंजांसारखा एल्कहॉर्न. गवंडी दोनच असले की एक आजारी पडला तरी काम थांबतं. या समुद्राचा पुढचा इतिहास समजायला हे पुरेसं आहे.

पाणी कोमट, निळं, नितळ. किनाऱ्यालगत समुद्री गवताची कुरणं. आणि या कुरणांवर एकेकाळी चरायला येणारे प्राणी म्हणजे हिरवी कासवं आणि मॅनाटी. इथूनच जॅक्सनची गोष्ट सुरू होते.

पेपर म्हणतो काय

मुद्दा थोडक्यात असा. परिसंस्थाशास्त्रज्ञांनी कॅरिबियन प्रवाळांचा बारकाईने अभ्यास साधारण १९५० नंतर सुरू केला. तोवर तिथले मोठे प्राणी संपून गेले होते. हिरवी कासवं, हॉक्सबिल कासवं, मॅनाटी आणि मंक सील यांचा मध्य आणि उत्तर कॅरिबियनमध्ये १८०० च्या सुमारास, उरलेल्या भागात १८९० पर्यंत फडशा पडला होता. त्यानंतर माशांची पाळी आली. शास्त्रज्ञ पोचले तेव्हा चरणारे म्हणून उरले होते छोटे मासे आणि डायडेमा, म्हणजे लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन. शास्त्रज्ञांनी तेच मोजलं, त्यावर सिद्धान्त रचले आणि त्याला ‘नैसर्गिक’ म्हटलं. जॅक्सन म्हणतात, हे हत्ती आणि वाइल्डबीस्ट वगळून फक्त वाळवी आणि टोळांवरून सेरेंगेटी समजून घेण्यासारखं आहे.

याच्या दोनच वर्षं आधी, १९९५ मध्ये डॅनियल पॉली यांनी मत्स्यशास्त्रासाठी हीच गोष्ट एका पानाच्या टिपणात मांडली होती: प्रत्येक पिढी आपल्या नोकरीच्या सुरुवातीला जे दिसतं तेच मूळ धरते आणि घट तिथून मोजते. तिला ते घसरती आधाररेषा म्हणतात. जॅक्सननी त्या कल्पनेला एक अख्खा समुद्र आणि पाचशे वर्षं दिली.

पुरावा कुठून आणला? इथे पेपर खरोखर मोठा आहे. हा माणूस पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणारा सागरी जीवशास्त्रज्ञ, पण त्याने जहाजांच्या नोंदी, वसाहतीतले इतिहास आणि व्यापाराचे आकडे चाळले. १५०३ मध्ये कोलंबसाला केमन बेटं दिसली तेव्हा कासवांच्या गर्दीमुळे त्याने त्यांना ‘लास तोर्तुगास’ म्हटलं. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका घेतलं, आणि तिथल्या लोकांच्या ताटातलं मांस कित्येक वर्षं केमनच्या कासवांचं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस केमनची कासवं संपत आली, तसे शिकारी क्यूबाकडे आणि मग निकाराग्वाच्या किनाऱ्याकडे सरकले. आपल्याला वाटतं ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांची सामग्री आहे. जॅक्सन म्हणतात, हा तुमचाच डेटा आहे, फक्त तुमच्या फॉरमॅटमध्ये नाही.

इतकं सगळं कबूल. आता टीका.

पहिली शंका: कासवांचा हिशेब

कोलंबसापूर्वी कॅरिबियनमध्ये किती हिरवी कासवं होती? जॅक्सन दोन वाटांनी जातात. शिकारीच्या नोंदींवरून ३.३ ते ३.९ कोटी प्रौढ कासवं, आणि समुद्री गवत किती कासवांना पोसू शकेल यावरून ६६ कोटींपर्यंत. दोन उत्तरांत वीस पटींचा फरक! मला पहिल्यांदा वाचताना हा फरक दिसलाच नाही. मी फक्त “कोट्यवधी” एवढंच वाचलं आणि पुढे गेले. तुम्हीही बहुधा तेच कराल, म्हणून सांगते: आकडा मोठा दिसला की थांबा आणि तो पुन्हा बांधून बघा.

बघू या. केमनसाठी १६८८ ते १७३० या काळात वर्षाला सुमारे १३,००० कासवं पकडली जात, असा अंदाज वापरला जातो. पुढचं गणित पेपरमधलं जसंच्या तसं नाही, पद्धत कळावी म्हणून माझं आहे. समजा, पकडलेल्या सगळ्या अंडी घालायला आलेल्या माद्या होत्या, आणि त्या वर्षी आलेल्या माद्यांपैकी १ टक्काच हाती लागल्या. मग आलेल्या माद्या १३ लाख. मादी दर वर्षी येत नाही, सरासरी अडीच वर्षांनी येते धरू. एकूण माद्या ३२.५ लाख. तितकेच नर; म्हणजे ६५ लाख. आता त्या १ टक्क्याच्या जागी ५ टक्के ठेवा. उत्तर १३ लाख. १० टक्के ठेवा, साडेसहा लाख. आपण जहाजांच्या नोंदी वाचतोय असं वाटतं, पण उत्तर ठरवतोय तो आपणच धरलेला एक टक्का.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ६५ लाख प्रौढ कासवांमधून वर्षाला १३,००० म्हणजे ०.२ टक्के. बेचाळीस वर्षांत साडेपाच लाखांच्या आत. एवढ्याने शतक संपायच्या आत शिकार बंद पडावी का? उत्तर अगदीच नाही असं नाही. किनाऱ्यावर उलटी केलेली मादी आपली अंडीही घेऊन जाते. हिरव्या कासवाला वयात यायला दोन-तीन दशकं लागतात, त्यामुळे तूट उशिरा दिसते आणि भरायला त्याहून उशीर लागतो. शिवाय नोंदीत न आलेली शिकार असणारच. पण मग हे सगळं गणितात यायला हवं. शिकार संपली कधी, हीसुद्धा एक माहिती आहे आणि तिने सुरुवातीच्या आकड्याला लगाम घालता येतो. दहा पानांच्या पेपरमध्ये ही तपासणी नाही.

गवताच्या वाटेचं काय? तिथे धरलंय, की कासवांची संख्या चारा पुरेल त्या टोकापर्यंत पोचलेलीच होती. जंगलात किती गवत आहे त्यावरून हरणं मोजण्यासारखं हे आहे. शार्क, वादळं, वाळूच्या किनाऱ्यांची टंचाई या कशालाच त्यात जागा नाही. २००० मध्ये ब्योर्नडाल आणि सहकाऱ्यांनी याच वाटेने जाऊन १.६ कोटी ते ५८.६ कोटी असा पट्टा दिला. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ते आपलं अज्ञान आकड्यातच दाखवतात. २००६ मध्ये मॅक्लेनाहन, जॅक्सन आणि न्यूमन यांनी अंडी घालण्याच्या जुन्या किनाऱ्यांची यादी करून ९.१ कोटींचा अंदाज काढला. म्हणजे जॅक्सन स्वतःही पहिल्या आकड्यावर अडून बसले नाहीत.

इथे एक हत्यार देऊन ठेवते. कुठलाही अंदाज डळमळीत वाटला की विचारा: सगळ्यांत लहान आकडा खरा धरला तर लेखकाचा निष्कर्ष टिकतो का? “पूर्वी कासवं प्रचंड होती आणि संपली” हा निष्कर्ष टिकतो, कारण आजची संख्या लहानात लहान अंदाजाच्याही जवळपास नाही. “कासवांनीच या समुद्राची घडण ठरवली” हा निष्कर्ष मात्र तितका भक्कम राहत नाही. दीड कोटी आणि साठ कोटी कासवं गवतावर सारखाच परिणाम करणार नाहीत.

दुसरी शंका: खारवलेला मासा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅरिबियन बेटांवर खाल्ल्या जाणाऱ्या माशांत स्थानिक मासळीचा वाटा थोडाच उरला होता. पेपर हे अतिमासेमारीच्या कहाणीत बसवतो: मासे संपले होते, म्हणून बाहेरून आणावे लागले.

पण बाहेरून काय येत होतं? न्यूफाउंडलंड आणि न्यू इंग्लंडचा खारवलेला कॉड. तो मुख्यतः कोणासाठी? उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांसाठी. उत्तम प्रतीचा मासा युरोपला आणि हलक्या प्रतीचा वेस्ट इंडीजला, असा तो व्यापार होता. मळेवाल्याच्या दृष्टीने गुलाम समुद्रावर गेला तर ऊसतोडीचे हात कमी, आणि होडी हाती लागली तर पळून जाण्याची वाट खुली. स्वस्त खारा मासा बंदरात उतरवून घेणं त्याला परवडत होतं. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १८३० च्या दशकात संपली, पण जीभ तिथेच राहिली. जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ आजही ॲकी आणि खारा मासा आहे.

म्हणजे आयातीचा आकडा एका वेळी दोन गोष्टी सांगतो: समुद्रात मासे किती होते, आणि ते पकडायची मुभा कोणाला होती. या दोन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. जमैकाच्या उथळ पाण्यात मासळी खरोखरच कमी झाली असेल. इतर पुरावा त्या बाजूला झुकतो. पण एकट्या आयातीच्या आकड्यावरून ते म्हणता येत नाही. इतिहासातून डेटा घ्यायचा तर इतिहासाचं लोढणंही घ्यावं लागतं. शिकारीची जहाजं मोजायची आणि मळे विसरायचे, असं चालत नाही. ‘माणसाने समुद्र रिकामा केला’ या वाक्यातला माणूस कोण, हे विचारणं परिसंस्थाशास्त्राच्या बाहेरचं नाही. कारण चुकीचं धरलं, तर मॉडेलही चुकीचंच बनतं.

तिसरी शंका: कोलंबसच का?

शीर्षकच बघा. घसरत्या आधाररेषेवर टीका करणारा पेपर स्वतःची रेषा १४९२ वर मारतो. पण तिथे आधीपासून माणसं होती आणि ती समुद्रातलंच खात होती. एलिझाबेथ विंग आणि स्टीफन विंग यांनी २००१ मध्ये, त्याच ‘कोरल रीफ्स’ नियतकालिकात, पाच बेटांवरच्या पुरातत्त्वीय थरांतली माशांची हाडं तपासली. जुन्या थरांत भित्तीवरचे मासे मोठे, नंतरच्या थरांत लहान. म्हणजे कोलंबसाची जहाजं दिसायच्या आधीच काही बेटांभोवती मासेमारीचा ताण पडलेला होता. तो पुढच्या लुटीइतका होता असं कोणी म्हणत नाही. पण ‘अस्पर्श समुद्र’ ही कल्पना त्याने नक्कीच मोडते.

यावरून एक गोष्ट मी शिकले. आधाररेषा सापडत नसते, आपण ती निवडतो. निवड चुकीची नाही, निवड लपवणं चुकीचं आहे.

चौथी शंका: दोनशे वर्षांची फट

आता सगळ्यांत अवघड जागा. मोठे चरणारे प्राणी १८०० पर्यंत गेले. प्रवाळ मात्र १९८० च्या दशकात कोसळले. मधली दोनशे वर्षं काय चाललं होतं?

घटना अशा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पांढऱ्या पट्ट्याचा रोग स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्नमध्ये पसरला. १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळाने जमैकाच्या भित्ती मोडल्या. जानेवारी १९८३ मध्ये पनामा कालव्याच्या कॅरिबियन तोंडाजवळ डायडेमा मरायला लागले आणि वर्षभरात जवळपास अख्ख्या समुद्रात त्यांचा सफाया झाला. बऱ्याच ठिकाणी नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. चरणारं कोणी उरलं नाही, शैवाल माजलं. टेरी ह्यूज यांच्या १९९४ च्या पेपरमधले जमैकाचे आकडे बघा: प्रवाळ ५० टक्क्यांहून जास्त होते ते ५ टक्क्यांच्या खाली, आणि शैवाल ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर. वाडेकरांच्या संघाने पाहिलेला किनारा आणि नव्वदच्या दशकातला किनारा यांत एवढं अंतर पडलं होतं.

जॅक्सनच्या बाजूचं उत्तर असं, की आधी कासवं गेली, मग मासे गेले, तरी सी अर्चिनने एकट्याने गाडा ओढला. तेही गेले तेव्हा गाडा उलटला. पटण्यासारखं आहे, आणि माशांच्या बाबतीत मला बरंचसं पटतंही. पण कासवांचा धागा इथे पातळ होतो. हिरवं कासव मुख्यतः समुद्री गवत खातं. ते नाहीसं झाल्याने गवताची कुरणं बदलली हे समजतं. भित्तीवरचं शैवाल त्यामुळे का माजावं, ही पायरी पेपरमध्ये मोकळीच राहते.

उलट पुरावाही आहे. ॲरनसन आणि प्रेक्ट यांनी बेलीझच्या भित्तीत नळ्या ठोकून गाळाचे थर काढले. तिथे किमान तीन हजार वर्षं स्टॅगहॉर्न टिकून होता आणि तो गेला थेट १९८० नंतर, रोगाने. कासवं संपली त्या काळाची काही खूण त्या थरांत नाही. मग २०२० मध्ये केटी क्रेमर आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी आणि जीवाश्म एकत्र करून दाखवलं, की अनेक ठिकाणी या प्रवाळांची घसरण १९५०-६० च्या दशकांतच, म्हणजे रोगाच्या आधीच सुरू झाली होती. एका किनाऱ्याचं खरं दुसऱ्या किनाऱ्याला लागू पडत नाही. २७ लाख चौरस किलोमीटरची एकच गोष्ट सांगायचा मोह जॅक्सनना आवरला नाही.

सेरेंगेटीची उपमाही इथेच कमी पडते. सेरेंगेटीत बुळकांडी रोग हटला, वाइल्डबीस्ट वाढले आणि मग गवत, वणवे, झाडं यांत काय बदल होतो ते लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं. कासवांबद्दल तसं काही पाहायचं असेल तर कॅरिबियनबाहेरही जावं लागतं, आणि एक जागा आपल्याकडेच आहे. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये हिरवी कासवं मोठ्या संख्येने जमली. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. कासवांनी गवत इतकं खाल्लं की कुरणाची रचनाच बदलली, गवतातले मासे कमी झाले आणि मच्छीमारांची कासवांशी तक्रार सुरू झाली. जॅक्सनचा गाभा, की हा प्राणी एक अख्खी परिसंस्था बदलू शकतो, याला यातून बळ मिळतं. पण त्यांच्या पेपरमध्ये जे गमावलेलं नंदनवन दिसतं, ते मात्र अगत्तीच्या मच्छीमाराला दिसत नाही.

मग पेपर मोडीत काढायचा?

मुळीच नाही. आणि हे नुसतं सौजन्य म्हणून सांगत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आययूसीएनने हिरव्या कासवाला जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ गटातून काढून ‘अल्प चिंता’ गटात टाकलं. १९७० च्या दशकापासून जगभरातली संख्या सुमारे २८ टक्क्यांनी वाढली, असा हिशेब आहे. ही आनंदाची बातमी आहे, आणि ती अनेकांच्या कष्टाने आली आहे. कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर आर्ची कार यांनी पन्नासच्या दशकात सुरू केलेलं काम त्यातलंच. पण २८ टक्के कशाच्या? सत्तरच्या दशकातल्या संख्येच्या. ती संख्या लुटीच्या शेवटाला उरलेली होती. युरोपीय वसाहतींच्या आधीच्या तुलनेत कासवं अजूनही फारच कमी आहेत, हे आययूसीएननेही सांगितलं. बातम्यांच्या मथळ्यात ते वाक्य सहसा येत नाही. ‘अल्प चिंता’ ऐकून उद्या कोणी संरक्षणाचा खर्च कमी करायचं म्हणालं, तर त्याच्यासमोर ठेवायला जॅक्सनचा पेपर हवा. आकडे ढिले असले तरी प्रश्न पक्का आहे.

मंक सीलला तर हा प्रश्न विचारायचीही सोय उरली नाही. कोलंबसाच्या माणसांनी १४९४ मध्ये हिस्पॅनियोलाजवळ आठ सील मारले. शेवटचं खात्रीचं दर्शन १९५२ मध्ये सेरानिया बँकपाशी झालं. २००८ मध्ये अमेरिकेने अधिकृतपणे ते नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

पुढच्या पिढीने या पेपरला कसं उत्तर दिलं तेही बघण्यासारखं आहे. लॉरेन मॅक्लेनाहन यांनी की वेस्टच्या ग्रंथालयातले फोटो घेतले: हौशी मच्छीमार आणि त्यांच्या मागे टांगलेली शिकार, १९५६ पासून २००७ पर्यंत. फोटोंतले मासे मोजले. सरासरी वजन १९.९ किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. आणि फोटोंतली माणसं शेवटपर्यंत तितकीच खूश दिसतात. प्रश्न जॅक्सनचाच, पण इथे प्रत्येक आकड्याला एक फोटो आहे आणि त्रुटीची मर्यादा आहे. आवडत्या पेपरवर खरी टीका करायची तर अशी, तोच प्रश्न जास्त घट्ट पुराव्याने विचारून.

तुमच्यासाठी

आता तुमच्या कामाचं. तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान काढा आणि त्यातल्या ‘पूर्वी’, ‘मूळचा’, ‘नैसर्गिक’, ‘घट’, ‘वाढ’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. प्रत्येक शब्दासमोर साल लिहा. ते साल का निवडलं तेही लिहा. “डेटा तिथूनच सुरू होतो” हे कारणही चालेल, पण ते उघड लिहिलेलं असलं पाहिजे. विषय समुद्राचा असायलाच हवा असं नाही. भूजल असो, पिकांचं उत्पादन असो, शहरातलं तापमान असो, शून्य सगळीकडेच लागतं.

मग ज्या पेपरवर तुमचा सगळ्यांत जास्त विश्वास आहे त्यातला सगळ्यांत मोठा आकडा घ्या आणि वहीवर पुन्हा बांधा. कुठल्या गृहीतकाने तो सगळ्यांत जास्त हलतो ते शोधा. माझ्या बाबतीत तो एक टक्का होता.

माझा सिनॉप्सिस तीन महिन्यांनी पास झाला. दुसऱ्या स्लाइडवर आता एकच वाक्य आहे: या प्रबंधात घट १९७० पासून मोजली आहे, १९७० चा समुद्र निरोगी होता असा याचा अर्थ नाही. त्याच सरांनी ते वाचलं, चष्मा खाली केला आणि म्हणाले, “पुढे.”